शेततळ्याचा खड्डा खणण्याआधी बायांनी टेप हातात घ्यावा

(कम्युनिटी रेडिओवरून दिलेलं भाषण)

 

आज शेततळ्याबद्दल बोलायचं आहे. साध्या नाही, कागद टाकून करतात त्या. आपल्याकडं त्या जाड प्लास्टिकला कागदच म्हणतात, तर मीही कागदच म्हणणार आहे. गेल्या दोन महिन्यांत ज्या ज्या गटात गेले तिथं कर्जाच्या मागणीत शेततळं आहेच. कुणाला दहा हजार कमी पडतायत, कुणाला पन्नास. बैठकीत मी विचारते, "ताई, तळं केवढं करायचंय?" तर ताई म्हणते, "ते यांनाच माहीत. ते माणसांचं काम."

मला सांगा, खड्डा मशीन खणतं. कागद टाकायला दुकानदाराची पोरं येतात. मग माणसं काय करतात? माणसं ठरवतात. आणि ठरवायला टेप, वही, पेन आणि थोडा वेळ लागतो. एवढं सगळं आपल्याजवळ आहे. हप्ता आपल्या नावावर, तळ्याच्या काठावर धुणं घेऊन जाणार आपण, पोरं खेळायला जाणार ती आपली. तर मग ठरवताना आपण का नको?

म्हणून आज जरा हिशोब करू. वही घ्या. हात कामात असतील तर नुसतं ऐका, मी आकडे दोनदा सांगेन.

समजा तळं २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल करायचं ठरलं. दुकानदार काय सांगतो? वीस गुणिले वीस गुणिले तीन, बाराशे घनमीटर, म्हणजे बारा लाख लिटर. ऐकायला गोड वाटतं. पण तळं काही पेटीसारखं उभ्या भिंतींचं नसतं. त्याला उतार द्यावा लागतो, नाहीतर माती ढासळते. एक मीटर खोलीला दीड मीटर उतार धरला, तर ३ मीटर खोलीला प्रत्येक बाजूनं साडेचार मीटर आत यावं लागतं. दोन्हीकडून मिळून नऊ मीटर गेले. वर २० मीटर असलं तरी तळाला उरतं ११ मीटर. शिवाय तळं काठोकाठ भरायचं नसतं, वर एक फूट रिकामा ठेवायचा, नाहीतर वाऱ्याच्या लाटांनी पाणी बांधावर येतं.

मग पाणी किती? रीत सांगते. पाण्याच्या वरच्या पातळीचं क्षेत्र काढा, तळाचं क्षेत्र काढा, आणि बरोबर मध्यावरच्या पातळीचं क्षेत्र काढून त्याला चारानं गुणा. तिन्हींची बेरीज करा, सहानं भागा, खोलीनं गुणा. आपल्या तळ्यात पाण्याची वरची बाजू साधारण १९ मीटर, मधली १५, तळ ११. म्हणजे ३६१, अधिक चार वेळा २२५ म्हणजे ९००, अधिक १२१. बेरीज १,३८२. सहानं भागलं, २३० आलं. पाण्याची खोली २.७ मीटर, तिनं गुणलं की सुमारे ६२२ घनमीटर. सव्वासहा लाख लिटरच्या आत-बाहेर. सांगितले होते बारा लाख. निम्मं पाणी कागदावरच राहिलं, आणि मी इथं वहीच्या कागदाबद्दल बोलतेय.

आता हे सव्वासहा लाख लिटर किती दिवस पुरतं? आपल्या सांगोला, आटपाडी, माण भागात डाळिंब. साडेचार मीटर बाय तीन मीटरवर लावलं की एकरात ३०० झाडं बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकनं दिवसाला ३५ लिटर धरा. झाले साडेदहा हजार लिटर रोजचे. आणि एक वाटेकरी असा आहे जो कुणाला विचारत नाही. सूर्य. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जातं. कमीत कमी ८ धरलं तरी आपल्या तळ्यातून दिवसाला जवळपास तीन हजार लिटर वाफ होऊन जाणार. बाग आणि ऊन मिळून साडेतेरा हजार. सव्वासहा लाखाला साडेतेरा हजारानं भागा. ४६ दिवस.

म्हणजे एक एकर बाग, दीड महिना. हे कमी आहे असं मी म्हणत नाही. मार्चअखेर विहीर आटली आणि बाग मे महिन्याच्या मध्यापर्यंत जगली, तर ते फार मोठं काम आहे. पण दोन एकरांची बाग पूर्ण उन्हाळाभर या तळ्यावर निघेल असं सांगून कुणी झाडं लावायला लावत असेल, तर ही वही त्याच्यापुढं ठेवा.

आता आपला हिशोब. दोन गाई आणि दहा शेळ्या धरा. सगळ्यांचं पिणं मिळून उन्हात दिवसाला २०० लिटरच्या आसपास. चार महिने, म्हणजे १२० दिवस, धरले तर झाले २४ हजार लिटर. पुन्हा सांगते, २४ हजार. बागेला दोन-सव्वादोन दिवसांत जेवढं लागतं, तेवढ्यात अख्ख्या गोठ्याचा उन्हाळा निघतो. तरी मे महिन्यात हंडे-बादल्या घेऊन जनावरांसाठी पाणी शोधत आपणच फिरतो, कारण तळ्यातलं सगळं पाणी बागेला गेलेलं असतं. म्हणून घरात बसून आधीच ठरवा की तळ्याचे खालचे अडीच फूट बागेला द्यायचे नाहीत. त्यात लाखभर लिटर पाणी असतं. ऊन त्यातलंही खाईल, पण जनावरं आणि गुंठाभर भाजी त्यावर निघते. बागेचे ४६ दिवस कमी होऊन ३८ होतील. तेवढ्यानं भांडण होत असेल तर होऊ दे, पण तळं खणायच्या आधी होऊ दे.

आणि ते खालचं पाणी कागदालाही लागतं. का ते पुढं सांगते.

पाणी येणार कुठून, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. आपल्याकडं वर्षाला पाऊस साधारण ५०० मिलिमीटर. एक हेक्टर रानावर तो पडला तर ५० लाख लिटर होतो, पण बहुतेक मुरतो आणि उडतो. दहावा हिस्सा वाहून आला असं धरलं तर पाच लाख. म्हणजे नुसत्या पावसावर हे तळं भरायला हेक्टरपेक्षा जास्त रानाचं पाणी त्याच्याकडं वळलं पाहिजे, तेही पाऊस बरा झाला तर. ज्यांच्याकडं टेंभूच्या कालव्याचं आवर्तन येतं त्यांचं बरं आहे. आवर्तनात पाणी साठवून दोन आवर्तनांच्या मधले दिवस काढता येतात. पावसाळ्यात विहीर तुडुंब असताना वरचं पाणी उचलून ठेवलं तरी समजू शकते.

पण दिवाळीनंतर बोअर रात्रंदिवस चालवून तळं भरायचं, याला मी शहाणपण म्हणत नाही. जमिनीखालच्या पाण्याला ऊन लागत नाही. ते वर काढून उन्हात ठेवायचं आणि रोज तीन हजार लिटर आभाळाला द्यायचं. शिवाय ते पाणी एकट्या आपलं नसतं. एकानं तळं भरलं की शेजारणीची विहीर महिनाभर आधी आटते. मग तीही बोअर घेते, तीही तळं करते, आणि दोघींची बोअर दोनशे फूट आणखी खाली जाते. गटात एकाच वस्तीवरच्या बाया असतील तर हे एकदा मोकळेपणानं बोला.

जागेचं थोडक्यात सांगते. २० बाय २० चं तळं आणि भोवती बांधासाठी चार-चार मीटर धरले तर २८ बाय २८ मीटर जागा जाते. पावणेआठ गुंठे. नाल्याच्या काठाला, पाणथळ जागेला कागदाचं तळं करू नये. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, कागदाखाली शिरतं आणि कागद फुग्यासारखा वर उचलला जातो. मोठ्या झाडाजवळ नको, मुळं येतात. घराच्या, शाळेच्या, अंगणवाडीच्या वाटेवर तर नकोच. मुरमाड, पाणी न धरणारी जमीन कागदाच्या तळ्याला चालते, कागद त्यासाठीच असतो.

आता कागदपत्रं. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. आता वैयक्तिक शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुदान मिळतं, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. तळ्याच्या आकाराप्रमाणे रक्कम ठरते. ती बदलत असते, म्हणून आज किती आहे ते गावच्या कृषी सहाय्यकांना विचारा, आणि त्यात खोदकामाचं किती, कागदाचं काही आहे का, हे वेगवेगळं विचारा. एक गोष्ट मात्र नीट ऐका. अनुदान ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या बँक खात्यात येतं, आणि तेही काम झाल्यावर. मधल्या काळात पैसे कुठून येतात? गटातून. ते कर्ज कुणाच्या नावावर? आपल्या. म्हणजे देणं आपल्या खात्याला आणि येणं त्यांच्या खात्याला. घरात प्रेम आहे, विश्वास आहे, सगळं मान्य. तरी अनुदान आल्यावर पहिल्यांदा गटाचं कर्ज फिटेल, असं दोघांच्या सहीनं गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्या. गटाच्या अध्यक्षांनी याचा आग्रहच धरावा.

आणि सातबाऱ्यावर नाव लावायचं म्हणाल तर, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली होती. त्यात कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव लागू शकतं. तलाठी भाऊसाहेबांना विचारायला काही पैसे पडत नाहीत.

चला, आता रानात.

आखणी फक्कीनं करतात. चौकोन खरा चौकोन आहे की तिरका, हे बघायला कर्ण मोजा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर दोन्हीकडून सारखं आलं पाहिजे. २० बाय २० ला ते २८ मीटर आणि वर २८ सेंटिमीटर येतं. खड्डा तिरका झाला की कागद एका कोपऱ्यात कमी पडतो, एका कोपऱ्यात ढीग होतो, आणि कमी पडला तिथं पोरं तो ओढून ताणून बसवतात. तिथंच पुढं फाटतो.

जेसीबीवाल्या दादाला उभी भिंत सोपी पडते, कारण त्याचे तास वाचतात. उतार त्याच्याकडून करून घ्यावा लागतो. लाकडाच्या पट्ट्यांचा त्रिकोण करा, उभी पट्टी दोन फूट, आडवी तीन फूट. हा साचा. ओळंबा लावून तो उताराला टेकवला की उतार बरोबर आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. त्या दादाशी वाद घालायची गरज नाही, साचा दाखवायचा. निघालेली माती काठाला चिकटून टाकायची नाही, मीटरभर लांब टाकायची, नाहीतर पहिल्या पावसात तीच परत खड्ड्यात.

मशीन गेलं की आपलं काम सुरू होतं, आणि माझ्या मते तळं टिकायचं की नाही ते याच दोन दिवसांत ठरतं. टोकदार दगड एकूण एक वेचून काढायचे. हरळीच्या काशा, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढायच्या. लव्हाळा असा चिवट की त्याचा कोंब प्लास्टिकमधून वर येतो. उंदरांची, खेकड्यांची बिळं खणून, माती भरून, धुमसानं ठोकायची. मग पाणी शिंपडून उतार चोपून घ्यायचे आणि त्यावर चाळलेल्या मऊ मातीचा थर, दोन-तीन इंचांचा. घर सारवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. शेवटी अनवाणी सगळीकडं चालून बघा. पायाला जे टोचेल ते कागदालाही टोचणार, आणि कागदावर तर वरून तीन मीटर पाण्याचा भार असणार.

कागद घ्यायचा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. मालावर आयएस १५३५१ हा मानक क्रमांक असलेला विणीचा कागद मिळतो, साधी एचडीपीई फिल्मही मिळते. विणीचा घेतलात तर कारखान्याचा तपासणी दाखला मागा. फिल्म घेतलीत तर तिला एक सोपी परीक्षा आहे, वजन. ५०० मायक्रॉनच्या एचडीपीई फिल्मचं एक चौरस मीटरला साधारण ४७५ ग्रॅम वजन भरतं. आपल्या तळ्याला कागद किती लागतो? तळ ११ मीटर, दोन्ही उतार ५.४ मीटरचे, काठावर पसरायला आणि चरात पुरायला दोन्हीकडून दीड-दीड मीटर. झाले २५ मीटरच्या आत. २५ बाय २५, म्हणजे ६२५ चौरस मीटर. वजन यायला हवं तीनशे किलोच्या जवळ. बंडल टेम्पोत चढवण्याआधी काट्यावर घ्या. दोनशे-सव्वादोनशे भरलं तर तो ५०० मायक्रॉन नाही, कापडावर काहीही छापलेलं असू द्या.

तीन दुकानांतून चौरस मीटरचा भाव लेखी घ्या. पक्कं बिल घ्या. हमी किती वर्षांची आणि कशाची, हे बिलावर लिहून घ्या. उन्हानं तडकला तर भरून देणार का, जोड उसवला तर कोण येणार. कागद जन्मभर टिकत नाही. पाच-सात वर्षांनी नवा घालावा लागेल असं धरून आतापासून दरमहा थोडे बाजूला टाका.

चर काठापासून दोन-अडीच फूट लांब, दीड-दोन फूट खोल, चारी बाजूंनी. कागदाची कड यात पुरायची. तीनशे किलोचं धूड उचलायला वीसभर माणसं लागतात, गटातल्या सगळ्या जणी आणि घरचे मिळून होतात. फरफटत न्यायचा नाही, खांद्यावर न्यायचा. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर. वारा शिरला की तो कागद माणसालाही उचलतो. चपला काढून आत उतरायचं, आणि बिडी-तंबाखूवाल्यांना काठापासून लांब बसवायचं, एक ठिणगी पुरे. कागद दुपारच्या उन्हात ताणून बसवला तर रात्री थंडीनं आखडतो आणि चरातून ओढला जातो, म्हणून थोडा सैल सोडायचा. सुरकुत्या दिसल्या म्हणून जीव खाऊ नका.

चर लगेच बुजवायचा नाही. आधी फूट-दीड फूट पाणी सोडा. पाण्याच्या भारानं कागद आपली जागा घेतो, कोपऱ्यात बसतो. मग चरात चाळलेली माती भरा. पाणी सोडायचा पाइप कागदावर थेट धार मारणार नाही असा ठेवा. वाहतं पाणी आत घेणार असाल तर आधी एक लहान खड्डा करा, गाळ तिथंच बसू दे. आणि वर एका बाजूला जादा पाणी जायला पाइप ठेवा.

आता खालचं पाणी का ठेवायचं ते. रिकामा कागद वाऱ्यानं फडफडतो, उन्हानं तडकतो, कुत्री-डुकरं आत उतरतात आणि नखांनी फाडतात. दोन-अडीच फूट पाणी असलं की तो दबून राहतो.

इथपर्यंत पैशाचं आणि पाण्याचं झालं. आता जिवाचं सांगायचं आहे. हातातलं काम जरा थांबवा.

शहराकडं श्रीमंतांच्या फार्महाऊसवर पोहायचे तलाव करतात. त्यातल्या काही तलावांत असाच खड्डा असतो आणि आत निळं प्लास्टिक बसवलेलं असतं. पण तिथं एका बाजूला पाणी कमरेएवढं असतं, पायऱ्या असतात, धरायला दांडा असतो. आपल्या शेततळ्यात यातलं एकही नाही. दहा फूट खोल, चारी बाजूंनी घसरगुंडी, आणि वर शेवाळ धरलेलं ओलं प्लास्टिक. पाय ठेवायला खाच नाही, हाताला मुळी नाही, दगड नाही. विहिरीत पडलेला कपारीला तरी धरतो. इथं पट्टीचा पोहणारा काठापाशी येतो, हात टेकतो, घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो, आणि काठापासून हातभर अंतरावर दमून बुडतो. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते. धुणं धुवायला गेलेली बाई घसरली, तिला काढायला लेक गेली, लेकीला काढायला जाऊ गेली. एका तळ्यातून दोन-दोन, तीन-तीन मयती निघतात त्या अशा.

म्हणून मी गटांना सांगते, कुंपण आणि दोर हा तळ्याच्या खर्चाचाच भाग धरा. "पुढच्या वर्षी करू" असं असेल तर तळंही पुढच्या वर्षी करा. गटानं कर्ज देताना अर्जात कुंपणाचा खर्च दिसला नाही तर अर्ज परत पाठवावा, इतकं कडक राहा.

कुंपण जाळीचं, पाच फूट उंच, खालून पोर सरपटत जाणार नाही असं. फाटकाला कुलूप, किल्ली घरात उंचावर. बाभळीच्या काट्यांचं कुंपण लहान पोराला अडवत नाही, शेळीलाही नाही.

दोर चारी बाजूंना, एका बाजूला दोन तरी. बोटाएवढा जाड, नायलॉनचा, दहा मीटर लांब, फुटा-फुटाला गाठ मारलेला. वरचं टोक चराच्या बाहेर पक्क्या गाडलेल्या खांबाला बांधायचं, खालचं टोक पार तळापर्यंत सोडायचं. तळं निम्मं असतानाही दोर पाण्यापर्यंत पोचला पाहिजे. एका बाजूला जुने टायर दोराला बांधून त्याची शिडी सोडा, त्यावर पाय ठेवून बाई साडीतही वर येऊ शकते. उन्हानं दोर कुजतो, दरवर्षी ओढून बघा, शंका आली की बदला. आणि पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकण घट्ट लावून, लांब दोराला बांधून कुंपणाला टांगून ठेवा. बुडणाऱ्याला फेकायला. त्या कॅनना पाणी आणायला कुणी हात लावायचा नाही.

धुणं तळ्यावर धुवायचंच नाही. पाइपनं पाणी बाहेर घ्या, दगड बाहेर मांडा. एक मोटार किंवा साधा नळ काढायला जो खर्च येईल तो येऊ दे. जनावरांनाही बाहेर हौदात पाणी द्या, काठावर नेऊ नका.

कुणी पडलंच तर? उडी मारायची नाही. आपलं लेकरू असलं तरी नाही. हे बोलायला कठोर आहे, पण उडी मारणारी आई लेकराला वर काढू शकत नाही, घसरगुंडी तिलाही तीच आहे. आरडाओरडा करा, कॅन फेका, दोर फेका. दोर नसेल तर साडी सोडा. सहावारी साडी साडेपाच मीटर असते, म्हणजे आपल्या तळ्याच्या उताराएवढी. पीळ द्या, एक टोक खांबाला बांधा, दुसरं आत टाका. बांधायला खांब नसेल तर पोटावर आडव्या व्हा, मागून कुणीतरी पाय धरा, मगच ओढा. उभं राहून ओढलं की आपण आत जातो.

बाहेर काढल्यावर पाय धरून उलटं टांगायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात जीव जातो. श्वास चालू आहे का बघा. नसेल तर पाठीवर सपाट झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं श्वास द्या आणि छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाब द्या. एकीनं हे करत राहायचं, दुसरीनं १०८ ला फोन लावायचा. ऐकून हे हातात येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून ठेवा, गटाच्या एका बैठकीत सिस्टरांकडून करून बघा. आशाताई गावातच असतात, त्यांना बोलवा.

परवा एका काकूंनी विचारलं, "आमच्या पोरांना त्यात पोहायला शिकवलं तर?" काकू, पोहायला जरूर शिकवा, मुलींना आधी शिकवा. पण शेततळ्यात नाही. आणि पोहता येतं म्हणून कुलूप काढून ठेवू नका.

राहिलं गळतीचं. बऱ्याच जणींची तक्रार असते की पाणी फार लवकर उतरतं. कागद फाटलाय की ऊन खातंय, हे बघायची एक रीत आहे. सरळ उभ्या कडांची बादली काठोकाठ भरून तळ्याच्या बांधावर उघड्यावर ठेवा, जनावर तोंड लावणार नाही अशी. तळ्यात पाण्याच्या रेषेवर खूण करा. दोन दिवस मोटार बंद, पाणी घालणं बंद. दोन दिवसांनी बादलीतलं पाणी किती उतरलं आणि तळ्याची पातळी उभी किती उतरली, ते मोजा. उतारावर तिरकं मोजू नका, फसाल. लहान बादली उन्हानं जास्त तापते, म्हणून तिच्यातलं पाणी तळ्यापेक्षा थोडं जास्तच उतरायला हवं. तळंच जास्त उतरलं असेल तर गळती नक्की. पाणी ज्या पातळीला येऊन थांबतं, भोक तिथंच आसपास शोधा. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन एचडीपीईला धरत नाही, कितीही फासा. त्याच कागदाचा तुकडा गरम हवेच्या मशीननं चिकटवून घ्यावा लागतो. म्हणून कागद बसवला त्या दिवशी कापून उरलेले तुकडे फेकू नका, पोरांना खेळायला देऊ नका, बिलासोबत ट्रंकेत ठेवा.

डासांसाठी गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात. तळ्याचं पाणी प्यायला वापरू नका.

ज्या गटांना आपल्या तळ्याचा हिशोब तपासून हवा आहे त्यांनी वरची लांबी-रुंदी, खोली, उतार आणि झाडांची संख्या वहीत लिहून पुढच्या मासिक बैठकीला आणावी. साच्याचा त्रिकोण करायचा असेल तर सुताराकडं तीन पट्ट्या आणि चार खिळ्यांचं काम आहे. एका गटानं एक केला की वस्तीवर सगळ्यांना पुरतो.